लातूरमधली तूर

तूर काढून झाली की आमच्या फाट्यावर माणसांकडे वेळच वेळ असतो. दारव्हा-दिग्रस रस्त्यालगत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा काढायला आलेला माणूस सातबारा हातात पडल्यावरही तासभर बाकड्यावरून उठत नाही. अशाच एका दुपारी दोन काकांची जुंपली. विषय होता गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. एकाचं म्हणणं, ग्रुपवर निसता कापूस चालतो, तुरीचं कोणी नाव काढत नाही. दुसऱ्याचं नेमकं उलटं. दुकान माझं, कॉम्प्युटर शिकलेलाही मीच, त्यामुळे निवाडा माझ्या गळ्यात पडला. मी म्हटलं, भांडता कशाला, मोजून सांगतो.

व्हॉट्सॲपमध्ये एक्सपोर्ट चॅट नावाची सोय आहे. ग्रुपवरचं बोलणं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतं. ती फाइल पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेला दिली आणि "तूर" किती वेळा, "कापूस" किती वेळा, एवढंच विचारलं. दोन ओळींचं काम. उत्तर आलं तर तूर कापसाच्या कितीतरी पुढे.

"इतकी तूर त आपल्या शिवारात पेरली बी नाही बापा," कापसाच्या बाजूचे काका म्हणाले. "तुयं मशीन बिघडलं."

मशीन ठणठणीत होतं. त्याला जे विचारलं ते त्यानं चोख मोजलं होतं. घोळ माझ्या प्रश्नात होता, आणि तो उलगडायला मला पुढचे दोन दिवस लागले.

मोजणी आतून कशी चालते ते आधी पाहू. काकांना समजावताना मी जुन्या लग्नपत्रिकेला एक खिडकी कापली होती. एका कागदावर प्रत्येक चौकटीत एक चिन्ह असं "लातूर" लिहिलं. चौकटी पाच झाल्या: ल, काना, त, दीर्घ उकार, र. आपल्याला तो शब्द तीन अक्षरांचा दिसतो, पण कॉम्प्युटरला काना आणि उकार ही वेगळी, आपापला क्रमांक असलेली चिन्हं आहेत. "तूर" हा शब्द त्याच हिशेबानं तीन चौकटींचा, म्हणून खिडकीही तीन चौकटींची. खिडकी पहिल्या चौकटीवर ठेवली तर आत दिसतं ल-काना-त. जुळत नाही. एक घर पुढे सरकवली तर काना-त-उकार. तेही नाही. आणखी एक घर पुढे, आणि आत येतं त-उकार-र. जुळलं! मोजणीत एक वाढला.

काकांना तिथेच उमगलं. "म्हंजे लातूरचा भाव टाकला का तूर मोजते हे?"

तेच झालं होतं. ग्रुपवर एक जण रोज सकाळी लातूरच्या बाजार समितीचे भाव टाकतो. सोयाबीनचा भाव असो की हरभऱ्याचा, वर "लातूर" लिहिलेलं असतंच. प्रत्येक दिवशी एक फुकटची तूर.

प्रोग्रामिंगच्या भाषेत अशा तुकड्याला सबस्ट्रिंग म्हणतात. मोठ्या मजकुरात सलग सापडणारा छोटा मजकूर, बस. त्याला अर्थ नसतो, शब्दाची हद्दही नसते. हीच मोजणी स्वतः लिहायची झाली तर मांडणी अशी होते:

मोजणी = ०
कुठून = ०
पुन्हापुन्हा:
    जागा = शोध(मजकूर, "तूर", कुठून)
    जागा सापडली नाही तर: थांब
    मोजणी = मोजणी + १
    कुठून = जागा + ३

भाषा कुठलीही घ्या, सांगाडा हाच. जागेचे आकडे शून्यापासून सुरू होतात, म्हणून "लातूर"मध्ये तूर दुसऱ्या क्रमांकावर सापडते. पायथॉनचा शोध काही सापडलं नाही की उणे एक हे उत्तर देतो, आणि नवशिक्या इथे हमखास आपटतो. मी आपटलो होतो. थांबायची ओळ लिहायला विसरलो. उणे एकमध्ये तीन मिळवले की दोन, म्हणजे गडी मजकुराच्या शेवटी पोहोचला की परत सुरुवातीला येऊन तेच मोजत बसला. लॅपटॉपचा पंखा मळणीयंत्रासारखा घोंघावायला लागला तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

शेवटच्या ओळीतल्या तीनकडे नीट पाहा. एकदा शब्द सापडला की तो पूर्ण ओलांडून पुढे जायचं, असा त्याचा अर्थ. तिथे तीनच्या जागी एक लिहिला तर? तुरीच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही, कारण एका तुरीच्या पोटात दुसरी तूर सुरू होत नाही. पण टिनावर पाऊस पडतोय, "टपटपटपटप", आणि त्यात "टपटप" मोजायचं आहे असं समजा. चार टप आहेत. सापडलेलं पूर्ण ओलांडत गेलं तर उत्तर २. एकेक घर सरकत गेलं तर पहिल्या टपपासून एक, दुसऱ्यापासून एक, तिसऱ्यापासून एक, असे ३. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न दोन वेगळे आहेत. पायथॉनची तयार काउंट सोय पहिल्या पद्धतीनं मोजते आणि तसं ओरडून सांगत नाही. जनुकांच्या साखळीत एखादा नमुना शोधणाऱ्याला बहुतेकदा दुसरी पद्धत लागते, तिथे काउंटवर विसंबलं तर हिशेब कमी भरतो. आणि गंमत म्हणून रिकामा मजकूर मोजायला सांगून बघा: "तूर"मध्ये काहीच-नाही किती वेळा? पायथॉन म्हणतो ४. तीन चिन्हांच्या आधीची, मधली आणि नंतरची अशा चार फटी.

ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांच्यासाठी एक्सेलमधली एक युक्ती आहे आणि ती आमच्याकडच्या कोणालाही पटकन कळते, कारण ती वजनकाट्याची आहे. भरलेली ट्रॉली तोलायची, माल उतरवून रिकामी तोलायची, फरक म्हणजे माल. मजकुराची लांबी मोजा, त्यातून "तूर" खोडून टाका, पुन्हा लांबी मोजा, फरकाला तीननं भागा. "लातूरला तूर, अकोल्यात तूर" या ओळीची लांबी जागा आणि स्वल्पविराम धरून २५. तूर काढून टाकल्यावर १६ उरतात. फरक ९, भागिले ३, उत्तर ३. एक्सेलमध्ये लांबीसाठी लेन आणि खोडण्यासाठी सबस्टिट्यूट ही सूत्रं आहेत. लोक काउंटइफ वापरतात आणि फसतात. ते सूत्र किती खणांमध्ये शब्द आहे ते सांगतं, एका खणात तो पाचदा आला तरी एकच धरतं.

आता लातूरची तूर वगळायची कशी? पुस्तकी उत्तर आहे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नुसता शब्द न देता नमुना सांगून शोधायची सोय. शब्दाच्या दोन्ही बाजूंना हद्दीची खूण लावायची, म्हणजे सुटा "तूर" तेवढाच सापडेल. मी लावली. लातूर तरीही मोजणीत! अर्धा दिवस यात गेला.

कारण असं. पायथॉनसोबत येणारं रेग्युलर एक्स्प्रेशनचं साधन अक्षर कशाला म्हणायचं ते ठरवताना काना, मात्रा, उकार, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. त्याच्या नजरेत "लातूर" म्हणजे ल, मग काहीतरी परकं चिन्ह, मग त, पुन्हा परकं चिन्ह, मग र. काना संपून त सुरू होतो तिथे त्याला शब्दाची हद्द दिसते. नेमकी आपल्या तुरीची सुरुवात! "कापूस"मधले शब्द सांग म्हटलं तर ते तीन शब्द देतं: क, प, स. ज्यांच्या लिपीत स्वर अक्षराला लटकत नाहीत त्यांना हे कधी टोचलंच नसणार. पायथॉनसाठी रेजेक्स नावाचं वेगळं साधन मिळतं, ते मात्रा नीट ओळखतं. मी सरळ रस्ता धरला. मजकूर मोकळ्या जागांवर आणि विरामचिन्हांवर तोडला आणि जो तुकडा "तूर"पासून सुरू होतो तोच घेतला. लातूर गेलं.

पण "तूर्त" आलं. "तूर्त विकू नका" असा सल्ला ग्रुपवर दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी देतोच.

शिवाय माणसं तूर म्हणतात तरी किती वेळा? "तुरीले काय भाव हाये", "तुरीवर अळी", "तुरीची काढणी" असंच बोलतात. विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, आणि कॉम्प्युटरसाठी दीर्घ उकार आणि ऱ्हस्व उकार ही दोन परकी चिन्हं आहेत. "तूर" शोधून "तुरीले" कधीच सापडणार नाही. बरं, घाईत कोणी "तुर" असंही लिहितं, म्हणून नुसतं "तुर" शोधावं, तर तुरळक पाऊस, तुरुंग आणि तुरटी जाळ्यात येतात. "तुरी" शोधलं तर कस्तुरी येते, पण ती शब्दाच्या सुरुवातीची अट घातली की गळून पडते.

कापसाचं दुखणं याहून वाईट, आणि काकांची बाजू हरली ती खरं म्हणजे इथे. "कापूस" हा मूळ शब्द, पण "कापसाला", "कापसाचा", "कापसाले" यांत प-ला लागलेला उकारच उरत नाही. माझ्या पहिल्या मोजणीत हे सगळे निसटले होते. धागा सैल करून "काप" शोधावं तर कापणी, कापड आणि कापूर तिन्ही पदरात. शेवटी "कापूस" आणि "कापस" हे दोन तुकडे वेगवेगळे मोजून बेरीज केली. या दोघांची बेरीज करता येते कारण एकाच जागी दोन्ही सापडू शकत नाहीत. "तुर" आणि "तुरी" यांची बेरीज केली असती तर प्रत्येक तुरी दोनदा धरली गेली असती. प्रमाण मराठीचे ला-ना-चा-ची हे प्रत्यय घेऊन कोणी नियम बनवले तर तेही आमच्या ग्रुपवर लंगडतात, कारण इथे "ला"च्या जागी "ले" आहे. म्हणून मी शेपटीकडे पाहिलंच नाही, डोकं तेवढं जुळवलं.

मात्रांची ही भानगड कानाला फसवते. "पाऊस"मध्ये ऊस आहे का? कॉम्प्युटर म्हणतो आहे, कारण तिथे सुटा ऊ आणि मग स. "कापूस"मध्ये ऊस आहे का? ऐकायला आहे, कॉम्प्युटरला नाही, कारण तिथे ऊ नसून प-ला लागलेला उकार आहे. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी जी जागतिक पद्धत, ती युनिकोड; तिच्या देवनागरी तक्त्यात १२८ जागा आहेत, त्यात सुटा ऊ एका जागी आणि उकार वेगळ्याच जागी बसवलेला. ही मांडणी भारतीय इस्की संकेतावरून घेतलेली आहे आणि युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तेव्हापासून ती तशीच आहे. विदर्भात हे असं वाक्य कोणत्याही पावसाळ्यात वाचायला मिळतं: "नागपूर जिल्ह्यात भरपूर पाऊस". यात "पूर" दोनदा आणि "ऊस" एकदा सापडतो. पूर आलेला नाही आणि ऊस कोणी लावलेला नाही. बातम्यांच्या ढिगातून पुराच्या बातम्या मोजायला कोणी बसलं, तर चंद्रपूर, अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, मलकापूर अशी आख्खी गावं वाहून येतील. आणि "नागपुरात पूर" यात मात्र एकच मोजला जाईल, तोही खरा.

यापुढचा घोळ डोळ्यांना दिसतच नाही, आणि मला तो सगळ्यांत जास्त छळून गेला. आमच्याकडे उभ्या पिकाला कापूस कोण म्हणतं? पऱ्हाटी म्हणतात. "पऱ्हाटीवर बोंडअळी आली" यात कापूस हा शब्दच नाही, पण बोलणं कापसाचंच. म्हणून पऱ्हाटी मोजायला घेतली. समोर स्क्रीनवर पंधरा-वीस वेळा दिसतेय आणि मोजणी सांगते चार.

ऱ्ह या जोडाक्षरातला तो अर्धा चंद्रकोरीसारखा र आतून एकापेक्षा जास्त तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह, त्याचा पाय मोडून पुढे ह. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग मोडका पाय. तीन, साधा र, मोडका पाय आणि त्यानंतर एक अदृश्य चिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. रुंदी शून्य, दिसत नाही, पण चौकट अडवतं. "वऱ्हाड" पहिल्या तऱ्हेनं लिहिलं तर सहा चिन्हं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या तऱ्हेनं लिहिलं तर सात. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. खिडकी सरकवणाऱ्याला मात्र तीन वेगळे शब्द. कोणाच्या फोनवर कोणता कीबोर्ड आहे त्यावर कोणाची पऱ्हाटी मोजली जाणार ते ठरत होतं. चौथी तऱ्हा म्हणजे सरळ रफार देऊन "वर्हाड", ती निदान डोळ्यांना खटकते तरी.

पहिल्या दोन तऱ्हा एक करायला तयार उपाय आहे, नॉर्मलायझेशन. पायथॉनच्या युनिकोडडेटा या भागातून मजकूर एनएफसी रूपात घेतला की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसरी तऱ्हा त्यानं बदलत नाही. र, मोडका पाय, जॉइनर हे त्रिकूट शोधून त्याजागी ऱ आणि मोडका पाय असं हातानं बदलावं लागतं. मजकुरालाही हे करायचं आणि शोधायच्या शब्दालाही. शेतकऱ्यांबद्दलचा कोणताही मजकूर मोजणार असाल तर ही पायरी चुकवूच नका, कारण "शेतकरी" या शब्दाला विभक्ती लागली की हा र येतोच. मी तर "शेतक" एवढाच तुकडा शोधतो आणि त्या र-च्या नादीच लागत नाही.

आणखी जुना मजकूर असेल तर वेगळीच तऱ्हा. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज माझ्या दुकानात अजून येतात. ते दिसतात मराठी, आत इंग्रजी अक्षरं असतात. त्यात युनिकोडमधली तूर शोधली तर उत्तर शून्य. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

वेगाबद्दल थोडंसं. एकेक घर खिडकी सरकवणं ही भोळी पद्धत. १९७७ साली तिच्याहून हुशार दोन पद्धती प्रसिद्ध झाल्या, एक नुथ, मॉरिस आणि प्रॅट यांची, दुसरी बॉयर आणि मूर यांची. दुसरीची कल्पना मला फार आवडते. शब्द शेवटाकडून तपासायचा. "सोयाबीन" सात चिन्हांचा, तर थेट सातव्या चौकटीत डोकवायचं. तिथे "क" असेल, आणि सोयाबीनमध्ये क कुठेच नाही, तर ही सातही घरं सोडून पुढे उडी मारायची. म्हणजे शोधायचा शब्द जितका लांब तितकं काम बहुधा लवकर संपतं. आमच्या ग्रुपच्या फाइलला यातलं काही लागत नाही, भोळी पद्धतही पापणी लवायच्या आत मोकळी होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही काका निकाल ऐकायला हजर. मजकूर नीट केलेला, शब्द तोडलेले, पाच-सहा ओळी आधी बोटांवर मोजून कोडशी ताडून घेतलेल्या. कापूस, कापस आणि पऱ्हाटी एका बाजूला. तूर आणि तुर दुसऱ्या बाजूला (तुरी "तुर"मध्येच आली), त्यातून तूर्त, तुरळक, तुरुंग, तुरटी वजा. कापूस आता पुढे होता. काका खूश. मग मी आकडा पुन्हा पाहिला आणि मला तो जरा जास्तच गुबगुबीत वाटला. फाइल उघडली. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक संदेशाआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव असतं, आणि ते नाव माझ्या फोनमध्ये जसं जपून ठेवलंय तसं उतरतं. खुश झालेल्या काकांचा नंबर मी "कापूसवाले काका" म्हणून ठेवला आहे. त्यांनी ग्रुपवर "शुभ सकाळ" टाकलं तरी कापूस एकानं वाढत होता.

नावं काढून टाकली. कापूस तरी पुढेच राहिला, पण थोडक्यात. तुरीच्या बाजूच्या काकांनी चष्मा लावून माझ्याकडून तुरीच्या सगळ्या ओळी एकेक वाचून घेतल्या. शेवटच्या ओळीवर मी थांबलो. कोणीतरी बातमी पुढे पाठवली होती, पोलिसांच्या हातावर तुरी देऊन चोर पसार.

"ही काढू का काका?" मी विचारलं.

"काऊन काढतं?" ते म्हणाले. "राहू दे. चोरानं दिली त काय झालं, तूरच हाये ना."